जुनी मंडळी, नवा नायक आणि खलनायक: चित्रपट-मालिकेत तिघांना जागा कशी द्यायची

गाजलेल्या मालिकेचा पुढचा भाग वीस-तीस वर्षांनी लिहायचा असेल, तर पहिल्याच बैठकीत वाटण्या सुरू होतात. निर्मात्याला जुने चेहरे हवेत, कारण पोस्टर त्यांच्या नावावर चालतं. दिग्दर्शकाला नवी पोरं हवीत, कारण पुढचे तीन भाग त्यांच्या खांद्यावर जाणार आहेत. खलनायक कोण, हा विषय चहा संपल्यावर निघतो. मग हिशोब मिनिटांत होतो: जुन्या नायकाला चाळीस मिनिटं, नव्या जोडीला सत्तर, खलनायकाला उरलेली.

माझ्या मते घोळ इथेच होतो. प्रेक्षक मिनिटं मोजत नाही. गोष्ट कोणाच्या निर्णयाने वळली, हे त्याच्या लक्षात राहतं. पाच मिनिटं दिसणाऱ्या पात्राने कथेची दिशा बदलली, तर ते मोठं वाटतं. तासभर पडद्यावर असलेलं पात्र नुसतं इतरांच्या मागे धावत असेल, तर घरी जाईपर्यंत त्याचं नावही आठवत नाही. म्हणून समतोल साधायचा तो निर्णयांचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मापाने आखल्या आहेत. (उदाहरणांत काही चित्रपटांचे शेवट फुटणार आहेत. इलाज नाही.)

पायरी १ : मागच्या विजयाचं देणं शोधा

पटकथेला हात घालण्याआधी जुने भाग पुन्हा पाहा आणि एकच गोष्ट शोधा: तेव्हाच्या विजयाची किंमत कोणी मोजली, आणि कोणाचा हिशोब तसाच राहिला? नव्या भागाचं बी बहुतेक वेळा इथेच सापडतं.

'टॉप गन' (१९८६) मध्ये लढाऊ वैमानिक मॅव्हरिकचा जोडीदार गूस मरतो. 'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२) त्याच मृत्यूवर उभा आहे. गूसचा मुलगा रूस्टर आता वैमानिक झाला आहे, आणि त्याच्या आईच्या इच्छेखातर मॅव्हरिकने एकेकाळी त्याचा नौदल अकादमीचा अर्ज अडवला होता. म्हणजे जुनं देणं आहेच, वर मधल्या वर्षांत त्यावर व्याजही चढलंय. नवं आणि जुनं पात्र पहिल्या भेटीपासून एकमेकांत अडकलेली आहेत. ओळख करून देण्यासाठी वेगळे सीन लागत नाहीत.

याच्या उलट वाट म्हणजे जुना विजयच पुसून टाकणं. 'स्टार वॉर्स'मध्ये १९८३ साली सम्राट मेला आणि साम्राज्य कोसळलं. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये जवळपास तसंच साम्राज्य नव्या नावाने परत आलं, जुना नायक हान सोलो पुन्हा तस्करीला लागला, आणि २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये मेलेला सम्राटही परत आला. नव्या नायकांना काम मिळावं म्हणून जुन्यांच्या हातून त्यांची कमाई काढून घेतली गेली. प्रेक्षक चिडतो तो याच्यावर. जुना नायक हरला तरी तो सहन करतो. पण तो जिंकलाच नव्हता असं ऐकणं त्याला जड जातं.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक मालिका धरू. तीन जुने भाग आहेत. एका शहराचं पाणी एका हुकूमशहाच्या मुठीत होतं. तारा नावाच्या बंडखोर बाईने तिसऱ्या भागाच्या शेवटी त्याचं धरण उडवलं आणि शहर मोकळं झालं. तीस वर्षं गेली. धरण पुन्हा बांधलं गेलंय, तारा म्हातारी झालीय, शहराबाहेर तिचं स्मारक उभं आहे.

देणं कुठे आहे? धरण फुटलं तेव्हा पाणी कुठेतरी गेलं असणार. जुन्या चित्रपटात कॅमेरा जल्लोष करणाऱ्या शहरावर होता, खालच्या अंगाला कोणी पाहिलंच नाही. तिथे एक वस्ती होती, असं ठरवू. आता आपल्याकडे नव्या भागाची निम्मी गोष्ट आली, आणि ताराचा विजयही शाबूत आहे. शहर खरोखरच मोकळं झालं. फक्त फुकटात झालं नाही.

पायरी २ : जुन्यांची चाळणी

सगळेच परत आणू नका. जुन्या पात्रांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहा: हे पात्र नसेल तर नव्या गोष्टीतला कोणता निर्णय होणारच नाही? उत्तर आलं नाही, तर त्या पात्राचा भिंतीवर फोटो लावा, संवादात एकदा नाव घ्या आणि पुढे चला.

उत्तर आलं, तर ते पात्र कितीही थोडा वेळ आलं तरी चालतं. 'टॉप गन: मॅव्हरिक'मधला आइसमन पाहा, मॅव्हरिकचा जुना प्रतिस्पर्धी. तो साकारणाऱ्या व्हॅल किल्मरला घशाच्या कर्करोगामुळे बोलणं अवघड झालं होतं. लेखकांनी तेच पात्राला दिलं. मुख्य भेटीचा सीन एकच, त्यातही तो बरंचसं संगणकावर टाइप करून बोलतो. पण गोष्टीत त्याचं वजन केवढं? आइसमन पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख आहे आणि त्याच्या शब्दावरच मॅव्हरिकची नोकरी टिकून आहे. तो गेला की मॅव्हरिकवरचं छत्र जातं आणि वरिष्ठ त्याला लगेच बाजूला करतात. एका सीनचं पात्र, पण ते काढलं तर दुसरा अंक कोसळेल. टाळ्यांसाठी आणलेल्या कॅमिओत (झलकेपुरत्या भूमिकेत) आणि या सीनमध्ये फरक आहे तो हाच.

आपल्या मालिकेत ताराचा जुना साथीदार दगडू होता, विनोदी आणि लोकप्रिय. निर्माता म्हणेल, दगडू हवाच. हवा असेल तर त्याला काम द्या. खाली वस्ती आहे हे त्या रात्री फक्त दोघांना ठाऊक होतं, तारा आणि दगडू. दगडू आता थकलाय, त्याला हे ओझं मनात घेऊन मरायचं नाही. तो एका सीनमध्ये तोंड उघडतो आणि तिथून गोष्ट फिरते. बाकी चित्रपटात तो दिसला नाही तरी कोणाची तक्रार येणार नाही.

पायरी ३ : नव्या नायकाला स्वतःची भूक द्या

कसोटी सोपी आहे. जुनी पात्रं झाकून ठेवा आणि नव्या नायकाची गोष्ट दोन वाक्यांत सांगून पाहा. 'तिला कळतं की ती अमक्याची नात आहे' एवढंच निघालं, तर तुमच्याकडे नायिका नाही, वंशावळ आहे.

वारसा असायला हरकत नाही, पण वारशातून पेच निघाला पाहिजे. 'क्रीड' (२०१५) मधला अडोनिस हा मुष्टियोद्धा रॉकीचा जुना प्रतिस्पर्धी आणि मित्र अपोलो क्रीड याचा मुलगा, बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला आणि लग्नाबाहेरचा. त्याची भूक बॉक्सिंगमध्ये नाव काढण्यापुरती नाही. आपला जन्म ही चूक नव्हती, हे त्याला सिद्ध करायचंय. रॉकी त्या चित्रपटात नसता तरी हा मुलगा कुठल्यातरी रिंगणात उतरलाच असता. आणि रॉकीची स्वतःची लढाई वेगळी आहे. त्याला कर्करोग झालाय आणि उपचार घ्यायचे की नाही हे त्याला ठरवायचंय. दोघांचे पेच वेगळे, आणि दोघं एकमेकांना लढायला भाग पाडतात. रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला १९७६ च्या 'रॉकी'साठी प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं, तर 'क्रीड'साठी सहायक अभिनेत्याचं. त्याच पात्राने खुर्ची बदलली आणि तरी मान राखला, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपली नवी नायिका इरा. ती नव्या धरणावर दरवाजे चालवण्याच्या ड्यूटीवर आहे. ताराशी तिचं नातं काही नाही, आणि हे मुद्दामच. मग इराला काय हवंय? तिचा भाऊ धरणाच्या खालच्या अंगाला, नकाशात नसलेल्या वस्तीत राहतो. सरकारी कागदांवर तिथे 'निर्मनुष्य' असं लिहिलंय. इराला ती वस्ती नकाशावर आणायची आहे. बस्स. तारा नसती तरी ही मुलगी हेच करत बसली असती.

पायरी ४ : खलनायक दोन्ही पिढ्यांच्या मध्ये उभा करा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक मालिकांचा तोल इथेच जातो.

दोन मोह असतात. एक, जुन्याच खलनायकाला पुन्हा उठवायचं. दोन, कोरा करकरीत नवा खलनायक आणायचा, ज्याचा जुन्यांशी काही संबंधच नाही. पहिल्यात नवे नायक उपरे वाटतात, कारण भांडण त्यांच्या जन्माआधीचं असतं. दुसऱ्यात जुने नायक पाहुणे वाटतात. तुम्हाला असा खलनायक हवा, ज्याचं कारण जुन्यांच्या कृतीत आहे पण ज्याचा धोका नव्यांच्या दारात आहे.

'स्टार ट्रेक'ने हे १९८२ मध्ये केलं. खान हे पात्र १९६७ च्या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागातलं. मालिकेचा नायक कर्क याने त्याला एका निर्जन ग्रहावर सोडलं आणि नंतर पंधरा वर्षं कोणी तिकडे वळून पाहिलं नाही. शेजारचा ग्रह फुटला, खानच्या ग्रहाचं वाळवंट झालं, त्याची बायको मेली. परत येतो तेव्हा त्याच्याकडे रास्त तक्रार आहे. गंमत म्हणजे त्या चित्रपटात कर्क आणि खान एकदाही एका खोलीत समोरासमोर येत नाहीत, सगळं भांडण यानांतल्या पडद्यांवरून होतं. तरी वैर जाणवतं, कारण दोघांचे निर्णय एकमेकांवर आदळत राहतात.

'स्टार वॉर्स'च्या नव्या भागांतला खलनायक कायलो रेनही कागदावर उत्तम आखलेला होता. हान आणि जुनी नायिका लेया यांचा मुलगा, म्हणजे जुन्यांचं अपयश आणि नव्यांचा शत्रू एकाच माणसात. पण त्याच्या डोक्यावर स्नोक नावाचा म्होरक्या बसवला होता. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये कायलोने स्नोकला मारलं आणि तो स्वतः प्रमुख झाला. हे वळण मला आजही आवडतं. अडचण पुढच्या भागात आली. २०१९ मध्ये कायलोच्या वर पुन्हा एक म्हातारा आणून बसवला, आणि तीन भागांचा प्रमुख खलनायक शेवटच्या क्षणी दुसऱ्याचा प्यादा झाला. त्यावरून एक नियम बांधून घ्या: मालिकेच्या शेवटच्या भागाचा शेवटचा खलनायक पहिल्या भागाच्या पटकथेआधी ठरवा. मधल्या भागात तुम्ही मन बदलू शकता, पण मग बदललेल्या मनावर ठाम राहा.

एकापेक्षा जास्त खलनायक हवे असतील, तर सगळ्यांना एकाच प्रश्नात बांधा. 'स्पायडर-मॅन: नो वे होम' (२०२१) मध्ये जुन्या चित्रपटांतले पाच खलनायक आहेत. ते पाच वेगवेगळे कट रचत बसले असते तर चित्रपट फुटला असता. तिथे प्रश्न एकच आहे: यांना मरायला परत पाठवायचं की बरं करायचं? पाचही जण त्या प्रश्नाच्या आजूबाजूला उभे राहतात आणि खरा घाव घालणारा निर्णय एकाच्याच, ग्रीन गॉब्लिनच्या हाती ठेवलाय.

आपल्या गोष्टीतला खलनायक सोहम. धरण फुटलं तेव्हा लहान होता, त्या रात्री घरातलं कोणी उरलं नाही. आज तो धरणाचा सर्वोच्च अधिकारी आहे. त्याची मागणी एकच: ताराने चौकात उभं राहून सांगावं की खाली माणसं आहेत हे तिला माहीत होतं. नाही सांगितलं तर तो सगळे दरवाजे शहरावर उघडेल. मागणी ऐकून प्रेक्षकाने क्षणभर त्याची बाजू घेतली पाहिजे. घेतली नाही, तर हा खलनायक नुसता अडथळा आहे.

पायरी ५ : एन्ट्री कधी

जुनं पात्र येण्याआधी नव्या पात्राने एक न फिरणारा निर्णय घेतलेला असावा. 'द फोर्स अवेकन्स'वर मी वर टीका केली, पण ही गोष्ट त्यांनी नेमकी साधली. नवी नायिका रे, उपाशी असलेली, हिला एका छोट्या रोबोच्या बदल्यात साठ शिधे मिळत असतात आणि ती देत नाही. हान सोलोची एन्ट्री यानंतर बरीच उशिरा होते. तोवर ही मुलगी कोण आहे हे आपल्याला कळलेलं असतं. म्हणून हान आल्यावरही ती आकसत नाही.

'ब्लेड रनर २०४९' (२०१७) याहून धीराचा. १६३ मिनिटांचा चित्रपट, आणि जुना नायक डेकार्ड दीड तास उलटून गेल्यावर दिसतो. तोवर नव्या नायकाचा शोध त्याच्याच पायावर उभा राहिलेला असतो.

उशीर करताना एक भान मात्र ठेवा. जो सीन मालिकेला हवाच आहे, तो पुढच्या भागासाठी राखून ठेवू नका. 'स्टार वॉर्स'च्या नव्या तीन भागांत हान, ल्यूक आणि लेया ही जुनी तिकडी एकदाही एका फ्रेममध्ये आली नाही. पहिल्या भागात ल्यूक शेवटच्या क्षणी दिसतो, तोही एक शब्द न बोलता, आणि त्याआधी हान मेलेला असतो. लेया साकारणारी कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये गेली. २०१९ च्या भागात तिचं पात्र आधीच्या न वापरलेल्या चित्रणातून उभं करावं लागलं. नटांची वयं ही पटकथेची अट असते, ती विसरून चालत नाही.

पायरी ६ : पहिली भेट लिहिताना

नव्या-जुन्याची पहिली भेट हा सीन सगळ्यात जास्त बिघडतो. आपल्या गोष्टीत तो पहिल्या झटक्यात साधारण असा उतरेल:

इरा : तुम्ही... तुम्ही खरंच ताराबाई? लहानपणी आई तुमच्याच गोष्टी सांगायची.
तारा : (दूर बघत) तो काळ गेला, पोरी.

यात काय बदललं? काहीच नाही. एक पात्र प्रेक्षकाच्या वतीने भारावलं, दुसरं पोस्टरसारखं उभं राहिलं. मागे जुनी धून वाजेल, चार शिट्ट्या पडतील आणि इरा पुढचे चार सीन चाहती म्हणून वावरेल.

आता तोच सीन निर्णयाच्या अंगाने. रात्र, दरवाजांची नियंत्रण-खोली. उद्याच्या समारंभासाठी आलेली तारा जुन्या सवयीने धरण बघायला वर आलीय. पाणी चढतंय आणि इराने स्वतःच्या जबाबदारीवर सात नंबरचा दरवाजा बंद ठेवलाय.

तारा : सात नंबर उघड. भिंतीवर ताण येतोय.
इरा : नाही उघडणार. खाली माणसं झोपलीत.
तारा : खाली कोणी राहत नाही.
इरा : कोण म्हणतं?
(तारा गप्प. इरा मीटरवरची नजर हलवत नाही.)
इरा : बाई, समोरचा दिवा लाल झाला तर सांगा. मला दोन्हीकडे बघता येत नाही.
(तारा दिव्यासमोर जाऊन उभी राहते.)

इराने तिला ओळखलंय की नाही, हे आपल्याला कळत नाही, आणि या क्षणी इराला त्याने फरक पडत नाही. ताराने हुकूम दिला, इराने मोडला, आणि शहराच्या तारणहार बाईला तिने दिवा बघायच्या कामाला लावलं. शिवाय 'खाली कोणी राहत नाही' हे वाक्य ताराच्या तोंडी पेरलं गेलं. दगडू पुढे तोंड उघडेल तेव्हा प्रेक्षकाला ते आठवेल. जुन्या पात्राचा अपमान झाला का? अजिबात नाही. ताण येतोय हे तिचं निदान बरोबरच आहे. जुनी पात्रं बिनडोक दाखवून नवी हुशार ठरत नाहीत. दोघीही आपापल्या जागी बरोबर असल्या पाहिजेत.

पायरी ७ : निर्णयांचा तक्ता

कार्डं घ्या. नव्या नायकाला एक रंग, जुन्यांना दुसरा, खलनायकाला तिसरा. गोष्ट वळवणारा प्रत्येक निर्णय एका कार्डावर लिहा: कोणी घेतला, कोणाला किंमत पडली. प्रवास, पाठलाग, मारामारी यांची कार्डं करू नका. सव्वादोन तासांच्या चित्रपटात अशी बाराएक कार्डं निघाली तरी पुरे.

भिंतीवर लावल्यावर रंग बोलायला लागतात. माझा ठोकताळा असा: पाच नव्या नायकाची, चार खलनायकाची, दोन जुन्यांची, एक कोणा दुय्यम पात्राचं. जुन्यांची दोनच म्हटल्यावर लोक दचकतात. पण ती दोन जड असली की पुरतात: एक मधोमध, गोष्ट फिरवणारं, आणि एक शेवटाजवळ, स्वतःचं जुनं देणं फेडणारं. जुन्यांचा रंग चारच्या वर गेला की नव्या पोरांचं काम सामान उचलण्याइतकं उरतं.

किंमत कोणाला पडली हा रकानाही तितकाच बघा. निर्णय एकाचा आणि किंमत दुसऱ्याला, अशी कार्डं जितकी जास्त तितकी पात्रं एकमेकांत गुंततात. आणि ज्या पात्राच्या रंगाचं एकही कार्ड नाही, ते 'जुरासिक वर्ल्ड डोमिनियन'सारख्या (२०२२) गर्दीत नुसतं पळत राहतं. तिथे जुनी तिकडी आणि नवी जोडी बराच काळ दोन वेगळ्या वाटांनी जातात, उशिरा भेटतात, आणि भेटल्यावर कोणी कोणाचं काही बदलत नाही.

पायरी ८ : जाणकाराला आवर कसा घालायचा

जुन्या पात्राला सगळं येतं, मग तेच का नाही सोडवत? नव्या भागाच्या प्रत्येक लेखकाला हा प्रश्न छळतो. त्याला दारुडा करणं किंवा लुळा करणं हे स्वस्त उपाय झाले.

महाभारताने हा प्रश्न फार सुंदर सोडवलाय. भीष्म रणात उभे असेपर्यंत धाकट्यांचं युद्ध सुरूच होऊ शकत नाही. दहा दिवस सेनापतिपद त्यांच्याकडे आहे आणि ते अजिंक्य आहेत. त्यांना आवर घातला तो त्यांच्याच व्रतांनी: पांडवांना मारणार नाही, शिखंडीवर शस्त्र उचलणार नाही. स्वतःला पाडण्याची युक्तीही तेच सांगतात. दहाव्या दिवशी ते पडतात, आणि अभिमन्यूचा चक्रव्यूह येतो तो तेराव्या दिवशी. म्हणजे धाकट्यांची रणभूमी आधी मोकळी झाली. पण भीष्म संपले नाहीत. शरपंजरी पडून ते युद्ध संपेपर्यंत राहिले आणि नंतर युधिष्ठिराला राज्य कसं करायचं ते सांगत राहिले. लढाईतून बाहेर, गोष्टीत मात्र आत.

पात्राचं सामर्थ्य कमी करू नका, त्याच्या शब्दाने किंवा भूतकाळाने ते बांधून टाका. तारा धरणाबद्दल सगळं जाणते, पण तिने तोंड उघडलं तर वस्तीची गोष्टही उघडी पडेल. ती गप्प आहे आणि म्हणून इराला एकटीने शिकावं लागतं.

पायरी ९ : मृत्यू

नव्याची वाट मोकळी करायला जुन्याला पहिल्या दहा मिनिटांत मारू नका. 'एलियन ३' (१९९२) ने आधीच्या भागात जीव मुठीत धरून वाचवलेली न्यूट आणि हिक्स ही पात्रं सुरुवातीलाच मारली. 'टर्मिनेटर: डार्क फेट' (२०१९) ने आधीच्या भागांत वाचवलेल्या जॉन कॉनरला तसंच केलं. प्रेक्षकाने मागे जो जीव टांगणीला लावला होता तो वाया गेला, आणि त्या रागाची झळ नव्या पात्रांना बसली.

मारायचंच असेल तर पात्र स्वतःच्या पायांनी तिथे चालत गेलं पाहिजे. 'द फोर्स अवेकन्स'मध्ये हान एका पुलावर मुलाला, कायलोला, परत आणायला स्वतः जातो. बाकी काहीही म्हणा, तो मृत्यू त्याच्या निर्णयातून आलाय.

पायरी १० : शेवट, आणि क्रम

क्लायमॅक्समध्ये जुना हिशोब आधी मिटवा, नवा नंतर. हा क्रम उलटला की शेवटचा घाव जुन्याच्या हातून बसतो आणि नवा नायक बाजूला टाळ्या वाजवत उभा राहतो. 'टॉप गन: मॅव्हरिक'मध्ये मॅव्हरिक रूस्टरसाठी स्वतःचं विमान मध्ये घालतो, ही जुन्याची फेड. त्यानंतर रूस्टर आदेश धुडकावून त्याला आणायला परत फिरतो. 'नो वे होम'मध्ये तीन स्पायडर-मॅन एकत्र लढतात, पण सगळं जग आपल्याला विसरो हा शेवटचा निर्णय आत्ताच्या स्पायडर-मॅनचा, पीटरचा, एकट्याचा आहे. पाहुण्यांना तो घेताच येत नाही.

आपल्याकडे: तारा चौकात उभी राहते आणि खरं सांगते. गर्दी सुन्न होते. सोहमला जे हवं होतं ते मिळालं, आणि तरी तो थांबत नाही. त्या क्षणी तो रास्त तक्रारीच्या पलीकडे जातो आणि प्रेक्षक त्याची बाजू सोडतो. आता पाणी कुठेतरी सोडावंच लागणार आहे. खाली इराचा भाऊ, वर शहर. इरा तिसरा दरवाजा उघडते, ज्याचं पाणी जुन्या कालव्यातून ताराच्या स्मारकावर जातं. तारा ते बघते आणि अडवत नाही. तिचा निर्णय आधीच होऊन गेलाय.

पुनर्लेखनात

ड्राफ्ट झाला की दोन माणसांना द्या. एकाने जुने भाग पारायणं करून पाहिलेले असावेत, दुसऱ्याने एकही पाहिलेला नसावा. पहिल्याला विचारा, कुठे राग आला. दुसऱ्याला विचारा, कुठे कळलं नाही. न पाहिलेल्याला जिथे कळलं नाही तिथे बहुधा तुम्ही आठवणींवर विसंबून भावना उसनी घेतलेली असते. ती जागा नव्या पात्राच्या कृतीने भरा, फ्लॅशबॅकने नको.

जुने संवाद, जुन्या वस्तू, जुनी धून यांच्या खुणांवर लाल पेन फिरवा. ज्या खुणेने कोणाचा तरी निर्णय बदलतो ती ठेवा. बाकीच्यांतली एखादी लाड म्हणून राहू द्या, उरलेल्या काढा.

आणि शेवटच्या पानामागे आणखी एक पान जोडा, पुढचा भाग लिहिणाऱ्यासाठी. त्यावर तीन ओळी: कोणाचं काय देणं उरलं, कोणता निर्णय परत फिरवायचा नाही, आणि पुढचा खलनायक कोणाच्या घरातून येऊ शकतो. आपल्या मालिकेत पहिल्या ओळीत लिहायचं: तिसरा दरवाजा उघडला तेव्हा स्मारकाजवळ पहारेकरी होता की नाही, हे इराने पाहिलं नव्हतं.